आमच्या काचेला कोणाची नजर लागली?

गेल्या महिन्यात आमचे एक जुने स्नेही तुर्कस्थानचा प्रवास आटोपून देहूस आमच्या घरी उतरले. गृहस्थ बहुश्रुत आणि रसिक. चहा होण्याच्या आधीच त्यांनी पेटी उघडून दोन वस्तू आमच्यापुढे मांडल्या. एक होता निळ्या काचेचा चपटा मणी. मध्ये पांढरे वर्तुळ आणि त्यात काळे बुबुळ. दुसरी होती एक लहानशी सुरई. तिच्या अंगावर पांढऱ्या व निळ्या रेषा अशा पिळत वर गेल्या होत्या की, सुरई हातात फिरवली असता रेषाच चालत आहेत असा भास व्हावा. सुरईची यथास्थित तारीफ झाल्यावर स्नेह्यांनी समारोप केला, "काचेची कला पाहावी तर तिकडे. आपल्याकडे ही परंपराच नव्हती. आपण दगडाची आणि तांब्यापितळेची माणसे. काच आपल्याकडे साहेबाने आणली." बसलेल्या चारपाच मंडळींनी माना डोलावल्या. ज्या माउलीने त्याच वेळी चहाचे तबक आणून ठेवले, तिच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि गळ्यात काळी पोत होती. तिकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

यजमानाने पाहुण्याशी वाद घालू नये हा शिष्टाचार आम्ही त्या दिवशी पाळला. परंतु आमच्या ओसरीवर उच्चारले गेलेले ते वाक्य एकट्या त्या गृहस्थांचे नव्हे. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून ते या ना त्या रूपाने नेहमी ऐकू येते, आणि ते जितक्या सहजतेने उच्चारले जाते तितकेच ते खोटे आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे अवश्य झाले.

प्रथम स्नेह्यांच्या बाजूचे जे खरे आहे ते मोकळ्या मनाने मान्य करू. तुर्कांची काचकला थोर आहे. सन १५८२ मध्ये सुलतान तिसरा मुराद याने आपल्या शहाजाद्याच्या सुंतेनिमित्त इस्तंबूलच्या जुन्या शर्यतीच्या मैदानात मोठा उत्सव केला. त्या वेळी शहरातील सर्व कारागिरांच्या संघांनी सुलतानासमोरून मिरवणूक काढली. त्या उत्सवाचा सचित्र ग्रंथ उपलब्ध आहे, व त्यातील एका चित्रात काचकाम करणारे लोक चाकांवर चढवलेली भट्टी ओढीत चालले आहेत आणि चालता चालता काच फुंकीत आहेत! ज्या समाजात काचेचा कारागीर बादशहासमोरून आपली भट्टी मिरवीत जातो, त्या समाजात काचेला मान होता हे निराळे सांगावयास नको. आमच्या स्नेह्यांनी आणलेल्या सुरईवरील कामाला तिकडे 'चेश्मी बुलबुल', म्हणजे बुलबुलाचा डोळा, असे नाव आहे. आमच्या नाकावरचा चष्मा आणि हा चेश्म हे एकाच फारसी घराण्यातले शब्द. रंगीत काचेच्या बारीक कांड्या साच्याच्या आतल्या अंगाला उभ्या लावून ठेवावयाच्या, त्यात वितळलेल्या काचेचा गोळा फुंकावयाचा म्हणजे कांड्या त्याला चिकटून येतात, आणि मग तो ऊन असतानाच पीळ द्यावयाचा, अशी ती कृती आहे.

परंतु ही कला तुर्कांना स्वर्गातून मिळाली काय? मुळीच नाही. काचेच्या कांड्यांचे हे काम मूळ व्हेनिसचे. सुलतान तिसरा सलीम याच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस, मेहमेद देदे नावाच्या मौलवी पंथाच्या एका दरवेशाला ते शिकण्यासाठी व्हेनिसला पाठवले, आणि त्याने परत येऊन बोस्फरसच्या काठी बेयकोझ येथे भट्टी घातली, असे सांगतात. पुढे १८३८ साली तुर्कस्थानने इंग्रजांशी व्यापारी करार केला, परदेशी मालाला बाजार मोकळा झाला, आणि युरोपच्या स्वस्त मालापुढे देशी कारखान्यांचा टिकाव लागेना. म्हणजे तुर्कांची परंपरा उसनीही होती आणि मध्येच मोडलीही होती. तरी ती आज आमच्या स्नेह्यांच्या पेटीतून देहूपर्यंत आली, याचे कारण एवढेच की, ती मोडली हे ओळखून तिकडच्या लोकांनी ती पुन्हा उभी केली. १९३५ साली त्यांच्या नव्या प्रजासत्ताकाने एका राष्ट्रीय बँकेकरवी बेयकोझजवळच पाशाबाहचे येथे काचेचा कारखाना काढला. तो यंत्रांचा होता, परंतु बुलबुलाच्या डोळ्याचे हातकाम पुढे त्याच घराण्याने जगवले. तो कारखाना २००२ साली बंद पडला, तरी त्याचे नाव आणि काम चालू राहिले. आणि २०२१ साली बेयकोझ येथे काच व बिलोर यांचे एक स्वतंत्र वस्तुसंग्रहालय उघडण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. "काच साहेबाने आणली" या सिद्धान्ताला पहिला साक्षीदार साहेबाच्याही आधीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले आहे की, हिंदुस्थानातील काच स्फटिकाच्या तुकड्यांपासून करतात आणि तिची बरोबरी दुसरी काच करू शकत नाही. त्याची रसायनाची माहिती चुकीची असेल. त्याने ऐकलेली कीर्ती मात्र खरी होती. आमच्या मराठवाड्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे सातवाहनकालीन काचेचे मणी सापडतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडाचे उत्खनन डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ साली केले. तेथे बहामनी काळच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल मिळाले, आणि त्यांत अनेक रंगांच्या काचा एकत्र जुळवून केलेल्या बांगड्याही होत्या. नेवाशाच्या उत्खननानेही हीच साक्ष दिली. सातवाहनांच्या काळी भडोचच्या बंदरात पश्चिमेकडून कच्ची काच उतरत असे हे आम्ही लपवीत नाही; पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तसे स्पष्ट आहे. पण कच्ची काच कोण विकत घेतो? ज्याच्या घरी ती घडवणारा आहे तोच की नाही?

आणि तो घडवणारा कोण, हे आमची भाषाच सांगते. काचारी ही महाराष्ट्रातील बांगड्या करणारांची जात. तिचे नावच काचेवरून पडले. सांधा नसलेली बांगडी करण्याची जुनी देशी रीत अशी: काचेचा तापून मऊ झालेला गोळा सळईवर घ्यावयाचा, त्याला भोक पाडून तो फिरवीत फिरवीत मातीच्या निमुळत्या साच्यावर चढवावयाचा आणि मनगटाच्या मापाइतका रुंद करावयाचा. काच थंड होण्यापूर्वी हे सारे उरकावे लागते. हा उद्योग करणाऱ्याला कारागीर म्हणावयाचे नाही, आणि इस्तंबूलच्या बाजारात तसलाच उद्योग करणाऱ्याला कलावंत म्हणावयाचे, ही कोणत्या शास्त्रातली निवड आहे?

त्या निळ्या मण्याचीही गोष्ट अशीच. त्याला तिकडे 'नझर बोंजुक' म्हणतात. बोंजुक म्हणजे मणी आणि नझर म्हणजे आपली नजरच. इझमीरजवळच्या खेड्यांतून काही घराणी लाकडाच्या भट्टीवर हे मणी करतात, व त्यांतील एका खेड्याने तर आपले नावच पालटून नझरकॉय असे घेतले आहे. दृष्ट लागू नये म्हणून काचेचा मणी बाळगावा ही समजूत आमच्या स्नेह्यांना इतकी गोड वाटली की, त्यांनी तो मणी मोटारीत टांगण्यासाठी आणला. परंतु मंगळसूत्रातले काळे मणी काचेचेच असतात, आणि तेही दृष्टीपासून राखतात अशीच आमच्या आजीबाईंची श्रद्धा होती. तिकडची समजूत ती संस्कृती आणि इकडची समजूत तो बायकी भोळेपणा, असा हा न्याय आहे!

यावर प्रतिपक्षी म्हणतील की, मणी आणि बांगड्या ठीक आहेत. परंतु काच फुंकून मोठी पात्रे करण्याची विद्या आमच्याकडे कोठे होती? बरे, त्याचेही उत्तर देतो, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. देहूहून इंद्रायणीच्या काठाने वर गेले की इंदुरी लागते आणि तिच्या पुढे तळेगाव दाभाडे. अंतर चारपाच कोसांचे. या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी अशी कल्पना काढली की, प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी तिला आपले वजन दिले. ज्या वर्षी लोकमान्यांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन मंडालेस नेले, त्याच वर्षी गोरगरिबांच्या पैशापैशाने उभारलेली ही भट्टी पेटली. जपानात व अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिचे पहिले चालक. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोई येथे स्वतंत्र कारखाना काढला, आणि तळेगावी हात बसलेले कारागीर हिंदुस्थानातील ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेले. त्याआधी या देशात निघालेले बहुतेक नवे काच कारखाने बुडाले होते. तळेगावने कारागीर घडवले, आणि म्हणून तळेगाव टिकले. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगलेवाडीचा कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील किती घरांतल्या मुलांचा अभ्यास करून घेतला असेल याची गणती नाही.

"पण कंदिलाची चिमणी म्हणजे कला का?" हा प्रश्न आम्हांस प्रत्यक्ष विचारण्यात आला आहे. विचारणाराने चिमणी होताना पाहिलेली नसावी. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण चौदा-पंधराशे अंशांच्या उष्णतेत वितळून मुशीत तयार असते. कारागीर पोलादी फुंकणी तिच्यात बुडवून फिरवतो आणि टोकावर जेवढा गोळा हवा तेवढाच उचलतो. तराजू नाही, अंदाज हाच तराजू. ही फुंकणी म्हणजे आमच्या चुलीपुढच्या फुंकणीची थोरली बहीण. श्वास थोडा जास्त झाला तर काच एका बाजूला पातळ पडते, आणि वात पेटवताच तेथेच तडकते. थोडा कमी झाला तर ती जाड राहून उजेड अडवते. भांडे तयार झाले की ते उघड्या हवेत ठेवता येत नाही. वेगळ्या भट्टीत तासन् तास हळूहळू निववावे लागते, नाही तर आतल्या ताणाने आपोआप फुटते. दहा माणसांच्या संसारात जी दहा वर्षे टिकते अशी चिमणी फुंकणारा आणि बुलबुलाचा डोळा फुंकणारा यांच्या छातीत श्वास एकच असतो. फरक इतकाच की, एकाच्या वस्तूला कोणी नाव दिले, आणि दुसऱ्याच्या वस्तूला आम्ही 'सामान' म्हटले.

येथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिंदुस्थानातील काचधंद्याला संरक्षक जकात द्यावी अशी शिफारस टॅरिफ बोर्डाने १९३२ साली केली. सरकारने तीन वर्षे विचार केला आणि १९३५ साली ती फेटाळली. कारण असे दाखवले की, काचेला लागणारा सोडा या देशात होत नाही. ज्या वर्षी तुर्कस्थानचे राज्य काचेसाठी भट्टी बांधीत होते, नेमक्या त्याच वर्षी आमच्यावरचे राज्य काचेला छत्र नाकारीत होते. तेव्हा नजर लागली ती कोणाची, हे त्या काळापुरते स्पष्ट आहे; राज्य परके होते.

परंतु १९४७ नंतर ही सबब उरली नाही, आणि आता ज्या पक्षावर आम्ही आरोप ठेवणार आहोत तो परका नव्हे. तो आम्हीच आहोत. मासिके वाचणारे, परदेशी जाणारे, कलेवर बोलणारे. पैसा फंडाला आमच्या आजोबा-पणजोबांनी पैसा दिला हे खरे, आणि त्याचा अभिमान आम्ही अजून सांगतो. पण पैसा दिला, पोरगा किती जणांनी दिला? भट्टीपुढे उभे राहण्यास घरचा मुलगा पाठवणारी ओगल्यांसारखी घराणी बोटांवर मोजावी लागतात. बाकीच्यांनी देशभक्ती कंदिलासारखी विकत घेतली आणि वीज येताच अडगळीत टाकली. लोकमान्यांच्या आठवणी निघाल्या म्हणजे पैसा फंडाला एखादे वाक्य मिळते. तेही राजकारणाचे परिशिष्ट म्हणून. फुंकणी धरणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आमच्या मुलांना सांगता येईल काय? आम्हांस स्वतःला येत नाही, आणि हे लिहिताना त्याची लाज वाटते. ओगलेवाडीची भट्टी विझली, आणि आमच्या लेकीसुनांचा हिरवा चुडा बहुतेक फिरोजाबादहून येऊ लागला. आम्हांला त्यात काही गेल्यासारखे वाटलेही नाही. ज्या डॉ. दीक्षितांनी ब्रह्मपुरी खणली, त्यांनीच पुढे भारतीय काचेचा समग्र इतिहास लिहिला आणि मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. ग्रंथ एका महाराष्ट्रीयाचा, प्रकाशन मुंबईचे. आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी आमच्या ओसरीवर "आपल्याकडे परंपराच नव्हती" हे वाक्य निःशंकपणे उच्चारले जाते!

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे. ते म्हणतात, काळ यंत्राचा आहे. चाकणहून रोज निघणाऱ्या मोटारींची काच काही कोणी फुंकून करीत नाही. मेलेल्या हातकामाचे श्राद्ध कशाला? यांना आम्ही एवढेच विचारतो की, जर्मनी, फ्रान्स आणि चेक देश यांच्याजवळ यंत्रे कमी आहेत काय? तरी त्या तिघांनी फिनलंड, हंगेरी व स्पेन यांच्यासह २०२३ साली हाताने काच करण्याची विद्या जागतिक वारशाच्या यादीत नोंदवून घेतली. त्याच वर्षी युद्धाने जर्जर झालेल्या सीरियानेही आपल्या काच फुंकणाऱ्यांची विद्या तातडीने राखण्याजोगी म्हणून नोंदवली. ज्यांच्या डोक्यावर छप्पर उरले नव्हते त्यांना ही गोष्ट सुचली. यंत्र वस्तू करते. परंतु किती गोळा उचलावा आणि श्वास कोठे थांबवावा हे ज्ञान पुस्तकात मावत नाही, ते माणसाच्या हातात राहते आणि माणसाबरोबर जाते. जुन्या भट्ट्यांवर राबलेल्या पिढीतील जी माणसे अजून आहेत ती आता वृद्ध आहेत. त्यांच्यामागे उरेल ती फक्त जागा.

तुर्कस्थानच्या दक्षिण किनाऱ्यावर सेर्चे लिमानी येथे अकराव्या शतकातील एक बुडालेले जहाज सापडले. त्यात सुमारे तीन टन काच होती; काही कच्ची, काही पुन्हा वितळवण्यासाठी गोळा केलेली फुटकी. १९७७ ते १९७९ पर्यंत ती समुद्रातून वर काढली गेली, आणि मग विद्वान लोक वर्षानुवर्षे बसून त्या लाखो तुकड्यांतून पात्रे जुळवीत राहिले. ती आज बोद्रुमच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. बुडालेले वर येते ही गोष्ट आम्हां देहूकरांना कोणी शिकवावयास नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या, या श्रद्धेवर हे गाव उभे आहे. परंतु त्या वर याव्यात म्हणून तुकोबा तेरा दिवस काठावर शिळेवर बसून राहिले, हा भाग आम्ही विसरतो. आमच्या काचेसाठी काठावर कोणीतरी बसले पाहिजे.

बसावयाचे म्हणजे काय करावयाचे, हेही सांगतो. नुसता शंख करणे आम्हांस इष्ट नाही. तळेगावात काचेचे एक दालन व्हावे. त्यात तेरच्या मण्यापासून प्रभाकर कंदिलापर्यंत वस्तू क्रमाने लावाव्या, आणि त्यांच्याशेजारी एक लहानशी चालती भट्टी असावी, म्हणजे मुलांना फुंकणी धरून पाहता येईल. तळेगाव व ओगलेवाडी येथील जुन्या कारागिरांच्या घरी जाऊन त्यांच्या तोंडून त्यांची कृती, त्यांचे शब्द आणि त्यांच्या सोबत्यांची नावे उतरून घ्यावी. ज्या घरांत जुने कंदील, हंड्या, बरण्या असतील, त्यांनी भंगारवाल्याची हाक ऐकण्यापूर्वी त्यांवर एक चिठ्ठी चिकटवावी: कोठली, केव्हाची, कोणी आणली. हे सरकारने करावे असे म्हणून हात झटकण्याची सोय नाही. पैसा फंडाने सरकारची वाट पाहिली नव्हती. माणशी एक पैसा मागितला होता. आज माणशी एक रुपया मागितला तर आमची घरे बुडणार नाहीत.

आमच्या घरांत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत. वाढली असे म्हणतात. अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे आणि बांगडीपुरती ती शोभतेही, कारण दुसऱ्या दिवशी हातात नवी बांगडी चढते. पण भट्ट्या विझल्या, कारागीर पांगले, आणि तरीही "आपल्याकडे परंपराच नव्हती" असे म्हणून जे लोक मोकळे होतात, त्यांनी फुटलेल्या गोष्टीला 'वाढली' म्हणण्यापलीकडची मजल मारली आहे. हातात बांगडी होती हेच ते नाकारीत आहेत. आमच्या स्नेह्यांनी दिलेला निळा मणी आम्ही दाराला टांगला आहे. पुढच्या खेपेस ते आले म्हणजे त्यांना घेऊन तळेगावास जाण्याचा आमचा बेत आहे.